मापावरची मूठ

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको. आता जे सांगणार आहे त्यावर या पडवीतल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. ज्याचा बसेल त्याचा आजचा चहा माझ्याकडून. इतकी वर्षं गोष्टी सांगतोय, अजून कुणाला चहा पाजायची पाळी माझ्यावर आलेली नाही.

“मागच्या खेपेला तुमचं घड्याळ देवमाशाने गिळलं होतं,” नयना म्हणाली. ती इथल्या प्रतवारीच्या टेबलावर बसते. तिच्या नजरेतून ना तुटका काजू सुटतो, ना माझी थाप. “आणि पुढच्या बंदरात त्याच्या पोटातला गजर ऐकून तुम्ही त्याला ओळखलात.”

“ते खरंच होतं,” मी म्हटलं. “हे त्याहून खरं आहे.”

वेंगुर्ल्याला गिरपांच्या काजू कारखान्यात दुपारची सुट्टी झाली होती. बाया हात धुऊन पडवीत टेकल्या होत्या. हायस्कुलात भूगोल शिकवणारे केरकर मास्तर वाटेत थांबले होते. मी कुठला देश कुठे नेऊन ठेवतो हे बघण्याची त्यांना हौस. आणि मी बाबल तांडेल, उभा जन्म मालवाहू बोटींवर खानसामा. सगळ्यांकडे एक नजर टाकली, कपबशी खाली ठेवली आणि सुरुवात केली.

ही गोष्ट आपण प्रगत झालो त्या वर्षीची.

व्यापारात एक जुना रिवाज आहे. गरीब देशाचा माल श्रीमंत देशाच्या बंदरात उतरला की त्यावर जकात कमी घ्यायची, देश अगदीच गरीब असला तर घ्यायचीच नाही, आणि बदल्यात त्याच्याकडे काही मागायचं नाही. का? तर पंगतीला उशिरा पोचलेल्याला आधी वाढावं लागतं. नाहीतर त्याच्या पानात भात पडेपर्यंत बाकीचे हात धुऊन पान खात बसलेले असतात. वर्षानुवर्षं आपणही त्या उशिरा पोचलेल्यांच्या ओळीत होतो. मग एका सकाळी बातमी आली, की भारत आता वरच्या वर्गात गेला, त्याची सवलत बंद. वाडीत पेढे वाटले गेले. रस्त्यावरचे खड्डे होते तिथेच राहिले, फक्त आता ते प्रगत देशातले खड्डे झाले.

पेढे संपले तशी बोंब सुरू झाली. आपल्या काजूवर तिकडे पुरी जकात बसायला लागली आणि गिऱ्हाइकं निघाली गिनी-बिसाऊकडे.

“आफ्रिकेचा पश्चिम किनारा,” मास्तर म्हणाले.

“अजून तिथेच आहे, मी हलवलेला नाही,” मी म्हटलं.

लहानसा देश. काजूवर जगणारा. पूर्वी तिथली बी कच्चीच पोत्यांत भरून आपल्याकडे यायची, आपल्या बाया ती फोडायच्या, आणि गर जायचा आपल्या नावाने. आता तिथल्या बायकांनी ठरवलं, बी आमची तर फोडणारही आम्हीच. त्यांच्या मालाला जकात नाही, मग गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाणारच. इकडे गिरपांच्या बी फोडायच्या कात्र्यांवर गंज चढला. निम्म्या बाया घरी बसल्या. आणि अशात तिथल्या बायकांच्या संस्थेचं बोलावणं आलं: भट्टी नवी आहे, हात नवे आहेत, गर तुटतात. कुणी शिकवायला येईल का?

बोलावणं आलं ते रोहिणीवैनींना. म्हणजे या कारखान्याच्या मालकीणबाई. नवरा गेल्यावर बी फोडण्यापासून भट्टीपर्यंत सगळं त्यांनीच चालवलं होतं. त्यांचा मुलगा साईश तेव्हा हिशेब नि विक्री बघायचा. तो उसळलाच.

“आई, ज्यांनी आपलं दुकान बंद पाडलं त्यांना शिकवायला जाणार?”

वैनी म्हणाल्या, “बंद कोणी पाडला रे? इतकी वर्सां तेंची बी फोडून आपला घर चालला. तेवा तेंनी तुका कधी चोर म्हटला? आता ती आपली बी आपण फोडतत, तर चार गोष्टी शिकवून येतंय.”

आणि मला म्हणाल्या, “बाबल, तुका पोर्तुगीज येता मां? चल.”

माझं पोर्तुगीज बोटीवरचं. त्यात मासे, दारू आणि शिव्या एवढंच पक्कं. पण वैनींना नाही कोण म्हणणार?

आता मधेच थोडं शास्त्र ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

सवलत दिली की लबाडीही आलीच. माल एका देशाचा आणि टोपी दुसऱ्या गरीब देशाची, असे प्रकार पूर्वी सर्रास चालत. कागदावर शिक्का मारला की झालं. बंदरावरचा माणूस काजू हातात घेऊन त्याला त्याचं गाव थोडंच विचारणार? पण आमच्या गोष्टीच्या थोडं आधी तेच विचारणारं यंत्र निघालं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. खलाशी त्याला नुसतं ‘नाक’ म्हणायचे.

नाकाची करामत अशी. पाण्यात जो ऑक्सिजन असतो त्यात दोन भाऊ असतात, एक हलका, एक जरासा जड. समुद्रावरून ढग आत निघाला की जड भाऊ वाटेत आधी गळतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या पावसात जड भाऊ जास्त आणि आत डोंगरापलीकडे कमी. झाड तोच पाऊस पितं, त्याच पाण्यातून फळ होतं. दुसरं म्हणजे माती. जमिनीखालचा खडक जितका जुना तशी त्यातल्या स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूची घडण वेगळी, आणि मुळांवाटे तीही बीपर्यंत पोचते. म्हणजे काजूच्या अंगावर त्याचा पाऊस आणि त्याचा खडक दोन्ही गोंदलेले असतात. नाक त्यावर लेझरचा एक किरण सोडायचं आणि सांगायचं: हा अमक्या किनाऱ्याचा, तमक्या टेकडीच्या उतारावरचा. दाण्यादाण्याला विचारायचं, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

“हे शक्य आहे,” मास्तर नाइलाजाने म्हणाले. “तत्त्व बरोबर आहे.”

“चहा घेणार?”

“तत्त्व म्हटलं मी. गोष्ट नाही.”

तर यंत्र चांगलंच होतं. चोर पकडले गेले. पण नेमकं मोजता यायला लागलं की माणसाचा हात आखडतो. पूर्वीच्या कायद्यात थोडी सूट होती. गरीब देशाच्या मालात बाहेरचं थोडंफार मिसळलेलं असलं तरी तो त्याचाच माल धरत. नाक आल्यावर मोठ्या देशांनी म्हटलं, आता दाणा न् दाणा ओळखता येतो तर सूट कशाला? तिथून पुढे बाहेरचा एक दाणासुद्धा चालायचा नाही. आणि सापडला तर नुसता तो डबा नव्हे, चौकशी होईपर्यंत त्या देशाच्या सगळ्या काजूची सवलत बंद. एवढं ध्यानात ठेवा.

बिसाऊला उतरलो तर वैनी म्हणाल्या, “बाबल, आपण परत वेंगुर्ल्याकच इलव काय रे?” तोच दमट वारा, तीच तांबडी माती, तेच काजूचे बोंडू झाडाखाली लाल-पिवळे पडलेले, आणि त्या बोंडूंची दारू करणाऱ्या तशाच बाया. दमट इतकं, की माझ्या बुटांत अळंबी उगवली आणि मी दोन वेळा तिची भाजी केली.

“शी!” नयना म्हणाली.

“मोज्याची चव उतरली होती थोडी, पण वाईट नव्हती.”

संस्थेची प्रमुख दोमिंगा इंजाई. ताडासारखी उंच, आवाज असा की हाक मारली तर पलीकडच्या खाडीतल्या होड्या मागे वळतील. तिने पोत्यातून एक बी उचलून वैनींसमोर धरली आणि म्हणाली, “काजू.” वैनींनी ती घेतली आणि म्हणाल्या, “काजू.” पोर्तुगिजांनी जो शब्द आपल्या किनाऱ्यावर टाकला तोच तिकडेही टाकलेला. एका शब्दावर दोघींचं जमलं ते जमलंच. महिन्याभरात माझं दुभाष्याचं काम संपलं. भट्टीसमोर उभ्या राहून दोघी तासन् तास बोलायच्या. अर्धी मालवणी, अर्धी तिकडची क्रिओल बोली, आणि समजत नसेल तिथे एकमेकींच्या दंडावर चापट.

दोमिंगाने भाताचा टोप पाठवला की वैनी तो कधी रिकामा परत करायच्या नाहीत. कधी सोलकढी, कधी घावणे. दोमिंगा म्हणायची, “ही बाई माझी भांडी घासूनही देत नाही, सदा भरलेलीच पाठवते.” टोप रिकामे करता करता माझं मात्र पोट सुटलं.

बायका शिकल्या. बी उकडायची किती, वाळवायची किती, पायाने दाबायच्या कात्रीवर बोट कुठे आणि पाय कुठे. टरफलाच्या चिकाने बोटं भाजू नयेत म्हणून आधी हाताला तेल कसं चोपडायचं. अख्खे गर वाढले, पाकळी नि कणी कमी झाली. पहिल्या कंटेनरची ऑर्डर आली, उत्तर समुद्राच्या काठच्या एका मोठ्या बंदरातून. त्या एका कंटेनरवर सगळं होतं. तो नीट उतरला तर पुढच्या हंगामाची भट्टी पेटणार, बायकांना कामं लागणार. नाही तर बी पुन्हा कच्चीच पोत्यांत भरून परदेशी जाणार.

आणि नेमका तेव्हाच साईशचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो.

“आई, आपल्याकडे गोदामात माल पडून आहे. त्यांच्या डब्यांत थोडा थोडा मिसळ. त्यांच्या नावाने जाईल, जकात नाही. नंतर आपण वाटून घेऊ.”

“आणि ता नाक?”

“सगळे डबे थोडेच हुंगणार आहेत?”

वैनींनी फोनवरच त्याला असा झापला की समोर भट्टीवरची बाई दचकून मागे सरली. “दुसऱ्याच्या शिध्यार आपली पंगत वाढतलंस? लाज नाय तुका? पुन्हा बोललंस तर मी हयच रवतंय, परत येवचंय नाय!”

दोमिंगा आत आली तेव्हा वैनींचे डोळे लाल होते. काय झालं, तिने विचारलं. वैनी म्हणाल्या, “काय नाय. पोरांचा नेहमीचाच.” मुलाची लाज कोण आई चारचौघांत सांगते? पण न सांगितलेली गोष्ट पुढे नडते.

डबे भरायचा दिवस आला. दोमिंगा धक्क्यावर बोटवाल्यांशी भांडायला गेलेली. इकडे डबा काट्यावर ठेवायचा, वजन पुरं झालं की झाकण लावायचं, की पुढे तो हवा काढून बंद. पहिला डबा काट्यावरून उतरला आणि वैनींनी हात आडवा घातला.

“थांब गो. मूठ खंय?”

आपल्याकडे तांदूळ मोजून दिले तर माप भरल्यावर वरून एक मूठ घालतो की नाही? मापाचं मापात, मूठ मायेची. नुसतं माप सपाट करून हातात दिलं तर घेणारा म्हणतो, काय कवडीचुंबक माणूस. वैनींचा त्यात आणखी एक नेम होता, त्यांच्या सासूने घालून दिलेला: मूठ आपल्या घरची असावी. दुसऱ्याच्या राशीतली उचलून घातली तर ती मूठ कसली, उचलेगिरीच. म्हणून वैनींनी खोलीतून आपली पिशवी आणली. प्रतवारी शिकवायला वेंगुर्ल्याहून आणलेले नमुन्याचे काजू होते ते, त्यांच्या स्वतःच्या घरामागच्या परड्यातले. आणि प्रत्येक डब्यात, वजन झाल्यावर, झाकण पडायच्या आधी, त्यातली एकेक मूठ. तिथल्या बायका हसल्या, त्यांना आवडलं. मीही बघत होतो. तुम्हीच सांगा, तुमच्यापैकी कुणाला त्यात काही खटकलं असतं?

बायांनी नाही म्हणून माना हलवल्या. मग नयना म्हणाली, “मी तर दोन मुठी घातल्या असत्या.”

“म्हणूनच तुला पाठवलं नाही.”

बोट गेली. आणि तिकडच्या बंदरात नाकाने पहिलाच डबा उघडून हुंगला आणि भोंगा वाजवला. ‘दक्षिण कोकण. समुद्रकाठ. वरच्या वर्गातला देश.’ दुसरा डबा, तोच भोंगा. सगळेच डबे. निरोप आला की माल अडवलाय, फसवणुकीचा संशय आहे, सुनावणीला हजर राहा. तोवर गिनी-बिसाऊच्या काजूची सवलत स्थगित.

दोमिंगाने निरोप वाचला आणि थेट वैनींसमोर येऊन उभी राहिली. आवाज पहिल्यांदाच खाली आलेला.

“कोकणातले काजू. माझ्या डब्यांत. कसे?”

वैनी साधेपणाने म्हणाल्या, “मीच घातलंय. मूठ.”

“त्या दिवशी फोनवर तुझा मुलगा होता. तू रडत होतीस. तो काय म्हणत होता?”

वैनींना खोटं बोलता येत नाही, हा त्यांच्यातला मोठा दोष. त्यांनी सांगितलं. दोमिंगाने सगळं ऐकून घेतलं. मग चुलीपाशी गेली, वैनींनी सकाळीच घावणे घालून परत पाठवायला ठेवलेला टोप उचलला, ते घावणे कोंबड्यांना टाकले आणि टोप रिकामा करून घरी घेऊन गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वैनी भट्टीच्या पायरीवर बसल्या त्या दिवस मावळेपर्यंत. मला म्हणाल्या, “बाबल, कंटेनराचा काय ता जकातवाले ठरवतीत. पण तिका वाटता, मी चोर. ह्या कोण ठरवतला?”

तर असे आम्ही तिघं निघालो त्या बंदराला. एकाच बोटीवर, एकाच टेबलावर जेवत, आणि दोघी एकमेकींशी अबोला धरून. मीठ लागलं तर वैनी मला सांगायच्या, मी दोमिंगाला सांगायचो, ती मीठ माझ्यापुढे सरकवायची, मी वैनींपुढे. बंदर येईपर्यंत मी मिठाचा हमाल झालो होतो.

जकातीच्या कचेरीच्या दारातच नाक. माणसांसाठी नव्हतं ते, पण मी वाकून त्यात बघायला गेलो आणि माझ्या मिशा किरणात आल्या. केसांतही तेच असतं बघा, माणूस जे खातो-पितो त्यानेच केस घडतात. नाक थोडा वेळ घुमलं आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘बिसाऊचा भात, त्याखाली वेंगुर्ल्याचा बांगडा. मालाचं मूळ ठरवता येत नाही. अडवून ठेवा.’ दोन पोलिसांनी मला धरला! मिशीची टोकं कापून दिली तेव्हा सुटलो. त्यावर शेरा मारला, ‘नाशवंत.’

पडवी हसून लोळली. मास्तरांचा चहा नाकात गेला.

सुनावणी घेणारी बाई मार्गित. चष्मा, पांढरे केस, चेहऱ्यावर रेघ नाही. तिने आधीच सांगून टाकलं: “मला भावना नकोत. मालात परका दाणा आहे की नाही?”

“आसा,” वैनी म्हणाल्या.

“मग प्रश्न संपला.”

आणि तेव्हा, मंडळी, मी उठलो.

मी म्हटलं, बाई, आधी डबा उघडा. उघडला. तुमचं नाक याच्यावर वरपासून तळापर्यंत फिरवा. फिरवलं. कोकणचे दाणे कुठे आहेत? सगळे वर. फक्त वर, पोळीवर तूप असतं तसे. मी म्हटलं, बाई, तुम्ही इतके चोर पकडलेत; चोरीचा माल झाकणाखाली सगळ्यात वर ठेवणारा चोर कधी बघितलात? तो तळाशी दडवतो, मधे मिसळतो. हे कुणीतरी उघड्या हाताने, दिसावं म्हणून ठेवलंय.

बाईचा चष्मा खाली आला. ती म्हणाली, “मग ठेवलंय कशाला?”

आता डब्याचं वजन करा, मी म्हटलं. केलं. कागदावर लिहिलंय त्यापेक्षा भरलं जास्त. कितीने? बरोबर एका मुठीने. पुढचा डबा? पुन्हा मुठीने जास्त. वैनींना पुढे बोलावलं, मूठ धरायला सांगितली, ती तोलली. तेवढीच! मी म्हटलं, बाई, विकलं ते वजनात आहे. ते दाणा न् दाणा बिसाऊचं आहे, विचारा तुमच्या नाकाला. कोकणचं आहे ते कागदात नाही, पैशात नाही, मापात नाही. ते विकलेलंच नाही. ते दिलंय. जे विकलं नाही त्याला देश कसला विचारता?

“कायद्यात असं काही नाही,” मार्गितबाई म्हणाली. पण आता हळू म्हणाली.

“आहे,” मी म्हटलं. “तुमचा सगळा कायदाच त्यावर उभा आहे. आमच्यासारख्या देशाचा माल तुम्ही जकातीशिवाय आत घेता. बदल्यात काही मागत नाही. ती काय आहे? मापावरची मूठच ना? तुमच्या वाडवडिलांना कधीतरी वाटलं, माप सपाट करून हातात देऊ नये, वरून काहीतरी घालावं. म्हणून मी आज इथे उभी आहे. मग तुम्ही हे यंत्र आणलंत आणि आपलीच मूठ दाणे मोजून द्यायला लागलात. या बाईच्या देशाची सवलत गेली. आमच्यामुळे तिच्या कात्र्या गंजल्या. ती रिकाम्या हाताने घरी बसली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. ती समुद्र ओलांडून आमच्या घरी आली, आम्हाला हात दिला, आणि वर आपल्या परड्यातली मूठ घातली. मुलाने चोरी कर म्हटलं तर मुलाला सोडायला निघाली. आणि मी तिला चोर समजले. मूठ कुणाची हे तुमचं नाक सांगतं, बाई. मूठ का, हे ते सांगत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं. मी विचारलं नाही, ती माझी चूक. तुम्ही तरी विचारा.”

अहाहा! काय बोललो मी त्या दिवशी! कचेरीतले शिपाई भिंतीला टेकले. मार्गितबाई उठून खिडकीपाशी गेली, बराच वेळ खाली उतरणारे कंटेनर बघत राहिली. मग परत आली, डब्यातला वरचा एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

“चांगला आहे,” म्हणाली. “कुठला?”

“वेंगुर्ल्याचा,” वैनी म्हणाल्या.

कंटेनर सुटला. स्थगिती उठली. आणि पुढच्या वर्षी देशादेशांच्या मोठ्या बैठकीत थोड्या परक्या मालाची जुनी सूट पुन्हा आली, कायद्याच्या भाषेत तिचं नाव काहीही असो, बंदराबंदरांवर तिला ‘मूठ’ म्हणतात. त्यापुढेही एक कलम आलं: गरीब देशाला दुसऱ्या कुणी हात दिला तर त्या हातामुळे त्याचं पान पंगतीतून उठवायचं नाही. तेव्हापासून बिसाऊचा काजू आणि आपलं कोकम एका डब्यातून जायला लागलं. आज तुम्ही इथे जे आंबट-खारे काजू भरता ते त्याचेच. साईश आता वर्षातले चार महिने तिकडे भट्ट्या दुरुस्त करत फिरतो आणि दोमिंगाच्या आवाजाला घाबरून वेळेवर उठतो.

“आणि दोमिंगा?” नयनाने विचारलं. “सुनावणीत ती काय करत होती?”

“ती काय करणार बिचारी? परका मुलूख, एवढी मोठी कचेरी. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून रडत होती सगळा वेळ. निकाल झाल्यावर उठली, पदर... म्हणजे तिचा तो रुमाल, त्याने डोळे पुसले आणि माझ्यापुढे वाकून म्हणाली, बाबल, तुझी जीभ नसती तर आम्ही मेलो असतो.”

पडवी एकदम चिडीचूप झाली. मास्तरांचा कप हातातच राहिला. नयनाने तोंडावर हात धरला. मला वाटलं, जमली! इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट काळजात गेली. मी डोळे मिटून तो क्षण थोडा चाखला. उघडले तर कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा माझ्या खांद्यावरून मागे, फाटकाकडे.

तिथे रोहिणीवैनी उभ्या होत्या. मोपाच्या विमानतळावरून नुकत्याच आल्या असाव्यात, कारण पेटीची एक बाजू त्यांच्या हातात होती आणि दुसरी धरली होती ताडासारख्या उंच एका बाईने. तिने पेटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले, आणि खाडीपलीकडच्या होड्याही वळतील अशा आवाजात म्हणाली:

“खोटा! मी रडलंय? मी? रडत होतंस तो तू, मिशी कापली म्हणून! वैनी माझी, मूठ तिची, आणि ता सगळा बोललंय ती मी!”